पोट साफ होणं आणि पोट उतरणं

चाकण-तळेगाव रस्त्याच्या आतल्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नर्स आहे. टाइम ऑफिसच्या शेजारची, पांढरा पडदा लावलेली खोली आमची. कागदोपत्री ती ‘ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर’, बोलताना ओएचसी, आणि लाइनवरच्या मुलांच्या तोंडी ‘सिस्टरची रूम’. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे अशी खोली हवीच, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं घालून दिलं. बोट कापलं, डोळ्यात कण उडाला, चक्कर आली की माणूस आमच्याकडे येतो. गेली काही वर्षं मात्र एक वेगळाच प्रश्न येतो. दार अर्धवट लोटून, आवाज खाली आणून कुणीतरी विचारतं, “सिस्टर, आतडं धुऊन घेतलं तर पोट उतरतं का हो?”

कुणाच्या खिशात चूर्णाचं पाकीट असतं, कुणाच्या मोबाइलवर ‘कोलन क्लिन्झिंग’ची जाहिरात. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले. भोसरीत, निगडीत, मोशीत हप्त्यावर फ्लॅट घेतलेले, शिफ्टनं थकलेले, पँटचा पट्टा एक-दोन भोकं पुढे सरकलेले. उत्तर एका वाक्यात देता येतं: उतरत नाही, आणि निरोगी माणसाला आतडं धुण्याची गरजही नसते. पण एका वाक्यानं कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून त्या खोलीत बसून मला जे उमगत गेलं, ते इथे सांगते.

१. पोट साफ होणं आणि पोट उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण विचारणाऱ्याच्या मनात त्या कायम एकत्र असतात. सुट्टीच्या दिवशी चूर्ण घेऊन दिवसभर फेऱ्या मारलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या वजनकाट्यावर उभा राहतो. काटा किलो-दीड किलो कमी दाखवतो आणि त्याचा चेहरा उजळतो. काटा खोटं बोलत नाही. पण गेलं ते पाणी, आणि त्याच्याबरोबर थोडा मळ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन दिवस नीट जेवलं-प्यायलं की ते परत येतं, आणि यायलाच हवं.

चरबीचं गणित निराळं आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. अन्नातल्या कॅलरी शोषल्या जातात त्या लहान आतड्यात. ते सहा मीटरच्या आसपास लांब. तिथून पुढे दीड मीटरचं मोठं आतडं लागतं. अन्न तिथे पोचतं तेव्हा त्यातलं शोषण्यासारखं जवळपास सगळं रक्तात गेलेलं असतं. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि क्षार परत घेण्याचं. ते धुऊन चरबी जाणार कुठून? जुलाबाच्या औषधांनी किती कॅलरी वाचतात हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजलं होतं. १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. भरपूर जुलाब होऊन लिटरनं पाणी गेलं, तरी कॅलरींचं शोषण बाराच टक्क्यांच्या आसपास कमी झालं होतं. एवढा त्रास शरीराला देऊन हाती इतकंच.

२. “मशीनची कूलंट टाकी आपण महिन्याला फ्लश करतो, मग पोट का नाही?” सीएनसीवरच्या एका ऑपरेटरनं मला हे विचारलं, आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याचा दिवस गाळ, चिप्स आणि तेल काढण्यात जातो, त्याला स्वतःच्या पोटातही गाळ साचत असणार असं वाटणं स्वाभाविक आहे. फरक असा की टाकीचा पत्रा स्वतःला नवा करत नाही. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मात्र काही दिवसांतच झडून जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. वर सतत श्लेष्माचा थर सुटत असतो, स्नायूंच्या लाटा मळ पुढे ढकलत असतात, आणि कोट्यवधी जिवाणू तिथे आपलं काम करत असतात. वर्षानुवर्षं भिंतीला चिकटून बसलेला मळ ही कल्पना ऐकायला पटते, पण दुर्बिणीतून रोज मोठं आतडं पाहणाऱ्या डॉक्टरांना तो दिसत नाही.

ही भीती आजची नाही, आणि फक्त आपली तर नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनाही वाटत होतं की आतड्यात कुजणारा मळ रक्तात विष सोडतो आणि त्यातून डोकेदुखी, थकवा, म्हातारपण येतं. फ्रान्समध्ये शार्ल बुशार यांनी तो विचार मांडला. १९०८ चं नोबेल मिळवणारे मेचनिकॉफ दही खा म्हणाले ते याच विचारातून. लंडनमधले सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी लोकांची मोठी आतडीच काढून टाकत. मग १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी एक साधी गोष्ट दाखवली. गुदाशयात नुसता कापूस भरला तरी माणसाला तेच जडपण, तीच डोकेदुखी जाणवते, आणि कापूस काढल्यावर लगेच बरं वाटतं. विष असतं तर ते इतक्या झटक्यात रक्तातून गेलं नसतं. ताण पडलेल्या आतड्याच्या नसा ती अस्वस्थता पोचवत होत्या. शंभर वर्षांपूर्वी बाजूला पडलेली ही कल्पना ‘टॉक्सिन’ नावाच्या नव्या लेबलखाली आज परत विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

३. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा माणूस सोडत नाही, आणि त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पुरावाच सोबत बसून तपासावा. एकानं मोबाइलवर फोटो दाखवला: काळपट, लांब, दोरीसारखं काहीतरी. “हे बघा सिस्टर, वीस वर्षांचं निघालं.” मी पाकिटावरची घटकांची यादी वाचली. इसबगोल आणि बेंटोनाइट माती. टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात दोन चमचे इसबगोल घातलं, पाणी ओतलं, ढवळलं आणि त्याचा बीपी घेईपर्यंत पेला तसाच ठेवला. मग चमचा उचलला तर आख्खा लगदा चमच्याबरोबर वर आला, लवलवीत, तुटता तुटेना. त्यात माती मिसळली, पित्ताचा रंग लागला आणि तो आतड्याच्या आकारातून बाहेर आला, की फोटोतली दोरी तयार. औषध घेतलं म्हणून ती तयार झाली. तो बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पैसे गेले की.” पैसे गेले हे खरंच, पण इसबगोल वाईट नाही. योग्य मात्रेत, भरपूर पाण्याबरोबर ते बद्धकोष्ठावर चांगलं काम करतं, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं.

४. ‘नैसर्गिक आहे, त्यानं काय होणार?’ या वाक्यानंतरचं मी पाहिलेलं आहे. सोनामुखीचं चूर्ण रात्री मात्रा वाढवून घेतलेला मुलगा दुसऱ्या दिवशी प्रेसच्या कडेला मटकन खाली बसला. ओठ कोरडे, पोटऱ्यांत गोळे, नाडी जलद. ओआरएस पाजून, पाय उंच ठेवून तासाभरानं तो बोलायला लागला. दोन पावलं पुढे पडला असता तर? जुलाबातून पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शुगरची गोळी घेणारा माणूस ‘क्लिन्झ’साठी उपाशी राहिला तर त्याची साखर शिफ्टच्या मध्येच खाली येते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर दोन्हीकडून पाणी जातं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, आतड्याला सूज, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर हा विषयच काढू नये.

नळीनं पाणी सोडून आतडं धुण्याचा धोका आणखी वेगळा. आतड्याच्या भिंतीला भोक पडू शकतं, आणि उपकरण नीट निर्जंतुक नसेल तर एकाचा आजार दुसऱ्याला जातो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १९८० च्या सुमारास एकाच क्लिनिकमध्ये अशी धुलाई करून घेतलेल्या किमान ३६ जणांना अमिबाचा संसर्ग झाला. दहा जणांचं मोठं आतडं कापावं लागलं, आणि त्यातले सहा जण दगावले. कॉफीच्या एनिम्यानं क्षार बिघडून मृत्यू झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तपासणीआधी पोट रिकामं करायला वापरली जाणारी सोडियम फॉस्फेटची औषधंही अपवाद नाहीत. काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्यांनी इजा केली, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनानं २००८ मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आणि पाण्याचं म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे या नसांच्या आजाराचे, रुग्ण सापडायला लागले, तेव्हा दूषित पाणी आणि पोटातला संसर्ग कुठवर जाऊ शकतो हे सगळ्या पुण्यानं पाहिलं. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण होते. कुठल्या टाकीतलं पाणी आपल्या आतड्यात सोडलं जाणार आहे, हा प्रश्न जाहिरात वाचताना कुणाच्या मनात येत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीआधी डॉक्टर पोट रिकामं करायला लावतात, ते वेगळं. त्याला कारण असतं, मात्रा ठरलेली असते, आणि ते एकदाच असतं.

५. एरंडेलाची वाटी घेऊन मागे धावणाऱ्या आजीचं नाव निघालं की बोलणं जपून करावं लागतं. आपल्याकडे पोट साफ करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला तिचा विचार आहे. आयुर्वेदाच्या पंचकर्मांत विरेचन आणि बस्ती येतात. पण चांगला वैद्य आधी माणसाचं बळ, वय, ऋतू, अग्नी पाहतो, आधी स्नेहन-स्वेदन करतो, नंतर पथ्य सांभाळायला लावतो, आणि बऱ्याच जणांना नको म्हणून परत पाठवतो. आपल्या या पट्ट्यापासून जवळच, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. नौली ही पोटाचे स्नायू फिरवण्याची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी उपकरण लावून मोजलं. श्रद्धेची गोष्ट त्यांनी मोजपट्टीखाली आणली. मला त्यांचं हे फार मोलाचं वाटतं.

गांधीजींचं उदाहरण तर नेहमी दिलं जातं. निसर्गोपचार, मातीची पट्टी, एनिमा यांवर त्यांचा विश्वास होता. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशॉ मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले. तिथे आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, आणि मणिभाई देसाईंनी तो पुढे सांभाळला. पण हेच गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं, तेव्हा १२ जानेवारी १९२४ ला ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांची शस्त्रक्रिया झाली. पोटात उजवीकडे खाली दुखत असताना जुलाब किंवा एनिमा घेतला तर सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. तेव्हा ज्यांना परंपरा पाळायची आहे त्यांनी ती पूर्ण पाळावी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली. ‘तीन दिवसांत सपाट पोट’ असं त्या परंपरेत कुणी म्हटलेलं नाही.

६. हडकुळ्या माणसाचं पोटही आतून भरलेलं असू शकतं, हे जगाला दाखवून दिलं पुण्याच्या डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हा फोटो मी प्रिंट काढून खोलीत लावलाय. “वजन तर बरोबर आहे, मग पोट कसं?” असं विचारणाऱ्याला मी तो दाखवते. आपली चरबी हातापायांपेक्षा पोटात, यकृताभोवती, आतड्यांभोवती जास्त साठते. ती आतड्याच्या बाहेर असते. आतड्याच्या आतून कितीही पाणी फिरवलं तरी तिला स्पर्शही होत नाही.

म्हणून मी काट्यापेक्षा टेपवर भर देते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि शंभरातल्या जवळपास चाळीस प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर. ही चरबी उतरते, पण हळू: ताटातला भात आणि गोड कमी करून, रोज चालून, झोप पुरी करून आणि दारू सोडून. महिना-दोन महिन्यांनी टेप दोन सेंटिमीटर मागे सरकते, आणि सरकलेली राहते.

७. प्रत्येक पुढे आलेलं पोट चरबीचं नसतं. एक जण डिटॉक्सचं विचारायला आला. हातपाय काटक्या, पोट मात्र ताणलेलं, डोळ्यांत पिवळी झाक, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायचा. यकृत खराब होऊन पोटात पाणी झालं होतं. त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बायकांमध्ये आठवडेच्या आठवडे पोट फुगलेलं राहत असेल, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटत असेल तर बीजांडकोशाची तपासणी करून घ्यावी. संडासातून रक्त पडतंय आणि ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्षभर अंगावर काढणारे मी फार पाहिले. रक्त, काळा मळ, कारण नसताना उतरणारं वजन, शौचाच्या सवयीत आठवड्यांपासून पडलेला फरक, कमी झालेलं हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही असेल तर पाकिटं-चूर्णं बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. संत तुकारामनगरला महापालिकेचं वायसीएम आहे. विमा कापला जात असेल तर मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

८. पोट का साफ होत नाही, याचं उत्तर मला सर्वांत नीट सांगितलं ते असेंब्ली लाइनवरच्या एका ताईंनी. बद्धकोष्ठ, पोट गच्च, लघवीला जळजळ अशा तक्रारी घेऊन त्या आल्या होत्या. पाणी किती पिता, विचारलं. त्यांनी पिशवीतून लिटरची बाटली काढून टेबलावर ठेवली. शिफ्ट संपायला आली होती आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. “प्यायले तर जावं लागतं सिस्टर. जायचं तर रिलीव्हर लागतो. रिलीव्हर आज दुसऱ्या लाइनला आहे.”

बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते. लाइन थांबत नाही. प्रत्येक स्टेशनला ठरलेले सेकंद असतात, आणि एक जण उठला की मागे माल तुंबतो. म्हणून उठणाऱ्याच्या जागी उभं राहायला एक जादा माणूस ठेवतात, तो रिलीव्हर. माणसं कमी पडली की पहिला कापला जातो तोच. मग कुणी हात वर करत नाही. ट्रेनी मुलं तर अजिबात नाही, कारण त्यांना पुढच्या सहा महिन्यांचं पत्र हवं असतं.

आता शरीराकडे बघा. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जोरानं आकुंचन पावतं. कळ येते ती तेव्हा. ती काही मिनिटं टिकते. दाबली तर विरते, आणि मळ आत राहिला की त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो सुकतो. रोज दाबली तर कळ येणंच कमी होतं. कुरुळी, निघोजे, खालुंब्रे, महाळुंगे या गावांत खोल्या करून राहणारी मुलं पाहा. एका खोलीत चार-पाच जण, मजल्याला दोन संडास, आणि फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे पाचला दारासमोर बादल्यांची रांग. कंपनीची बस थांबत नाही. ज्याचा नंबर लागला नाही तो तसाच चढतो. पुढे चाकणच्या चौकात बस अडकली की तासभर तसंच बसून. आठवड्याला शिफ्ट बदलते, झोपेची वेळ बदलते, आणि आतड्याचं स्वतःचं घड्याळ कुठल्याच वेळेला जुळत नाही. कॅन्टीनच्या ताटात पांढरा भात, पातळ आमटी, बटाटा. मधल्या सुट्टीत वडापाव, बिस्किटं. शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात तंतू तीन ग्रॅमही नसतात, मैद्यातही तितकेच. ज्वारीत दहाच्या वर असतात. परभणी-लातूरकडून आलेली ही मुलं घरी भाकरी खात होती. इथे खोलीवर भाकरी कोण थापणार?

तर असं गच्च झालेलं पोट एक दिवस चूर्णानं मोकळं होतं, आणि माणसाला हलकं वाटतं. ते वाटणं खरं आहे. मी ते कधीच नाकारत नाही. अल्वारेझ यांच्या कापसासारखा आतला ताण सुटलेला असतो. पण आठवड्यात पोट पुन्हा गच्च होतं, कारण बस तीच, रांग तीच आणि लाइन तीच. मग पुन्हा चूर्ण, थोडं जास्त. पुढे चूर्णाशिवाय होतच नाही म्हणणारे येतात.

त्या ताईंना मी औषधाची चिठ्ठी दिली नाही. सुपरवायझरशी बोलले. त्यांच्या लाइनला रिलीव्हर परत मिळाला, आणि काही आठवड्यांनी बाटली रिकामी व्हायला लागली.

९. जे उपयोगी पडताना पाहिलं ते फार साधं आहे. उठल्यावर दोन पेले पाणी, थोडं काहीतरी खाणं, आणि मग घाई न करता दहा मिनिटं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल. डब्यात भाकरी, उसळ, एखादं फळ, पण तंतू एकदम न वाढवता हळूहळू, नाहीतर गॅस वाढतो. दुधानं फुगत असेल तर दूध बंद करून बघायचं. नाईट शिफ्टला मध्यरात्री भरपेट जेवण टाळायचं. एवढ्यानं नाही झालं तर इसबगोल, आणि तरीही नाही तर डॉक्टर.

१०. जाहिरातीला कायद्याचीही अट आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे अमुक औषधानं लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करायला मनाई आहे. तरी ती मोबाइलवर रोज येते. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि करावी.

या पट्ट्यातल्या एचआरच्या आणि प्रॉडक्शनच्या मंडळींना माझी विनंती आहे. आरोग्य दिनाला डिटॉक्सवाल्यांचा स्टॉल लावू देऊ नका. त्या पैशात कॅन्टीनमध्ये आठवड्यातून तीन दिवस भाकरी आणि उसळ द्या, फर्स्ट शिफ्टची बस गेटवर आल्यानंतर लाइन सुरू व्हायला पंधरा मिनिटं सोडा, संडासांत पाणी आणि कड्या आहेत का ते स्वतः जाऊन बघा. आणि माणसं कमी पडली तरी रिलीव्हर कापू नका.